घरी आणलेल्या रुग्णाचा महिन्याचा हिशेब

‘आता घरी न्या’ असं डॉक्टर म्हणाले की घरच्यांना आधी हायसंच वाटतं. रोजचं खोलीभाडं, रोजची औषधांची चिठ्ठी, कॅश काउंटरवरचा तगादा, सगळं सुटलं. पण पक्षाघात, पसरलेला कॅन्सर, पुढच्या टप्प्यातला पार्किन्सन्स किंवा स्मृतिभ्रंश अशा आजारांत घरी आणल्यावर खर्च थांबत नाही, फक्त विमा कंपनी त्यातून अंग काढून घेते. दवाखान्यातले तीन लाख विम्यातून गेले आणि नंतरचे आठ महिने खिशातून, अशी गत बहुतेक घरांची होते. म्हणून इथे दवाखान्याचा नाही, घरचा हिशेब मांडला आहे. दर हैदराबादच्या बाजारातले आणि ढोबळ आहेत. काचीगुडा आणि गच्चीबावली यांच्यात फरक पडणारच.

सर्वांत मोठा आकडा माणसाचा. बारा तासांसाठी येणाऱ्या अटेंडंटचे महिन्याला साधारण १८ ते २५ हजार होतात. घरी राहणाऱ्या बाईचे किंवा मुलाचे २५ ते ३५ हजार, शिवाय दोन वेळचं जेवण, चहा आणि झोपायला जागा. प्रशिक्षित नर्स बारा तासांसाठी हवी असेल तर ३० ते ४५ हजार. यातला बराचसा वाटा माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोचा असतो, प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं. ठरवण्याआधी ब्यूरोला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: नोंदणीचे पैसे परत मिळतात का, माणूस न पटल्यास किती दिवसांत बदलून देणार, आणि रुग्ण महिन्याच्या मधेच गेला किंवा पुन्हा ॲडमिट झाला तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळणार का. तिसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. पण भांडणं नेमकी त्यावरच होतात, म्हणून तो लेखी घ्या.

नर्स हवी की अटेंडंट, हे ब्यूरोला नाही, डॉक्टरांना विचारा. अंग पुसणं, कूस बदलणं, डायपर, नाकातल्या नळीतून जेवण देणं ही कामं शिकवलेला अटेंडंट किंवा घरचं माणूस करू शकतं. सलाइन, इंजेक्शन, गळ्यातल्या नळीची सफाई, कॅथेटर बदलणं याला सिस्टरच लागते. बहुतेक घरांना चोवीस तास सिस्टर लागत नाही. आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगसाठी येणारी सिस्टर एका खेपेचे ५०० ते १००० रुपये घेते, तेवढ्यात भागतं.

एकाच पाळीचे पैसे परवडत असतील तर माणूस रात्रीचा ठेवा. लोक उलटं करतात, कारण दिवसा बाई दिसते आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर जखमा होतात. रात्री अकराला डावी कूस, एकला उताणं, तीनला उजवी, पाचला पुन्हा डावी, मधे डायपर. हे करणाऱ्या सुनेला किंवा नवऱ्याला सलग दीड तासाचीही झोप मिळत नाही. महिन्याभरात त्या माणसाचा रक्तदाब वाढतो आणि घरात दुसरा रुग्ण तयार होतो. त्याचा खर्च कुणी धरलेलाच नसतो.

हैदराबादेतल्या मराठी घरांची आणखी एक अडचण म्हणजे भाषा. येणारी बाई बहुधा तेलुगू बोलणारी, अंथरुणावरच्या आजी मराठीतच विव्हळणाऱ्या, आणि स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली हिंदी आधी विसरली जाते. त्यामुळे ‘दुखतंय’ म्हणजे नोप्पि, ‘पाणी’ म्हणजे नीळ्ळु, ‘थंडी वाजते’, ‘लघवी’ असे दहा-बारा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून उशाशी लावा. काडीचा खर्च नाही, आणि वेदनेचा डोस वेळेवर मिळण्यासाठी याहून सोपा उपाय नाही.

सामानाचं म्हणाल तर तीन महिन्यांच्या आत काम आटोपेल असं डॉक्टर सुचवत असतील तर भाड्यानं घ्या, नाहीतर विकत. डोकं-पाय वर-खाली होणारी साधी कॉट महिन्याला अडीच ते पाच हजार भाड्यानं मिळते. हवेची गादी अडीच ते पाच हजारांत विकतच घ्यावी. ती घेतली म्हणजे कूस बदलणं संपलं, असं दुकानदार म्हणतो, ते खोटं आहे. डायपर एक ३० ते ५० रुपयांना. दिवसाला चार धरले तर ४० रुपयांच्या दरानं महिन्याचे ४८०० होतात. हा खर्च सगळे विसरतात, पण तो दर महिन्याला ठरलेला.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचं भाडं पाच लिटरच्या मशीनला चार ते सात हजार. त्यामागचा छुपा खर्च विजेचा. साधारण साडेतीनशे वॅटचं मशीन चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ युनिट, महिन्याला अडीचशे. तेलंगणात गृहज्योती योजनेत पात्र रेशनकार्डधारकांना २०० युनिटपर्यंत वीज मोफत मिळते, पण वापर त्याच्या आत राहिला तरच. म्हणजे मशीन घरात आलं की ती सवलतही जाते. शिवाय लाइट गेली की हवेची गादी आणि ऑक्सिजन दोन्ही बंद, म्हणून इन्व्हर्टर किंवा छोटा सिलिंडर लागतोच. हे आधी जमेला धरा.

आता फुकट काय मिळतं ते. लोक याकडे शेवटी वळतात, खरं तर सुरुवात इथूनच करावी. रेड हिल्सवरचं एम. एन. जे. कॅन्सर हॉस्पिटल हा सरकारी दवाखाना १९५५ पासून आहे. तेव्हा नांदेड, परभणी, बीडही हैदराबाद राज्यातच होते, आणि तिकडची वाट आजही तुटलेली नाही. तिथे वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचा स्वतंत्र विभाग आहे. डॉ. गायत्री पालाट यांच्या पुढाकारानं तो उभा राहिला. पेन रिलीफ अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी ही संस्था त्याच्या जोडीनं काम करते. खाजागुडा इथल्या स्पर्श हॉस्पिसमध्ये शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा एकही रुपया न घेता होते. २०११ मध्ये रोटरी क्लब ऑफ बंजारा हिल्सनं ते सुरू केलं. त्यांची गाडी ठराविक अंतरातल्या घरी जाऊनही रुग्ण तपासते. शहराबाहेर राहत असाल तर जिल्हा रुग्णालयाचं पॅलिएटिव्ह केंद्र विचारा; तेलंगणानं अशी केंद्रं काढली आहेत आणि घरी जाणाऱ्या ‘आलना’ गाड्याही आहेत.

‘हॉस्पिस म्हणजे मरायला पाठवणं’ ही समजूत सर्वांत महाग पडते. हॉस्पिसची टीम लवकर आली तर मॉर्फिनचा डोस बसतो, उलट्या आणि बद्धकोष्ठ सांभाळलं जातं, जखम कशी धुवायची हे घरच्यांना शिकवलं जातं, आणि रात्री दोनला कॅज्युअल्टीत धावून होणारे वीस-तीस हजार वाचतात. मॉर्फिनच्या गोळ्या स्वस्तच आहेत. अडचण किमतीची नाही, मिळण्याची: औषधांच्या प्रत्येक दुकानात त्या नसतात, मान्यताप्राप्त संस्थेतूनच घ्याव्या लागतात. म्हणून त्या संस्थेचं कार्ड आधीच काढून ठेवा. सल्ल्यासाठी साथ-साथ ही पॅलिएटिव्ह हेल्पलाइन १८०० २०२ ७७७७ वर आहे, तीही मोफत.

योजनांमध्ये गोंधळ फार. आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये १० लाखांवर गेली, पण ती तेलंगणाच्या कार्डधारकांची. नांदेड-देगलूरहून आलेल्यांना महाराष्ट्राच्या जन आरोग्य योजनेचं कार्ड हैदराबादेत बहुधा चालत नाही. आयुष्मान भारतचं कार्ड मात्र तेलंगणातही चालतं, तो दवाखाना त्या यादीत असेल तर. वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्पन्न न पाहता पाच लाखांचं वेगळं आयुष्मान कार्ड निघतं, ऑक्टोबर २०२४ पासून. हे गावीच काढून या. आणि हे सारं दवाखान्यातल्या उपचारांसाठी आहे. घरी ठेवलेल्या बाईचा पगार यातल्या कशातूनच मिळत नाही.

गाडीभाड्यात मात्र मोठी सवलत आहे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. डायलिसिस आणि हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांनाही सोबत्यासह सवलत मिळते. दवाखान्याकडून ठराविक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो, आणि देवगिरी किंवा अजिंठा एक्सप्रेसनं येणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो मागतच नाहीत. हैदराबादेतल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत रुग्णासोबतच्यांना पाच रुपयांत जेवण मिळण्याची सोय मे २०२२ पासून आहे.

खाजगी विम्याचं एक बारीक अक्षर वाचा. घरी गेल्यानंतरच्या साधारण ६० दिवसांची औषधं, तपासण्या, फिजिओथेरपी यांचे पैसे बऱ्याच पॉलिसी देतात, पण बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. अटेंडंट, डायपर, गादी यांचे पैसे मिळत नाहीत. प्राप्तिकरात जुनी पद्धत निवडलेल्यांना कॅन्सर, किडनी निकामी होणं, स्मृतिभ्रंश, पार्किन्सन्स यांच्या उपचारखर्चावर ४० हजारांची वजावट आहे, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर एक लाखाची. ज्येष्ठाचा विमाच नसेल तर औषधोपचाराचे ५० हजारांपर्यंत दाखवता येतात, पण रोख दिलेले नाहीत. म्हणून फार्मसीत यूपीआयनंच पैसे भरा. अपंगत्वाचा सरकारी दाखला काढून घ्या. तेलंगणातल्या अपंग पेन्शनचा आणि करातल्या वेगळ्या वजावटीचा मार्ग त्यातूनच जातो. भविष्यनिर्वाह निधीतूनही आई-वडील, जोडीदार, मुलं यांच्या आजारासाठी पैसे काढता येतात आणि ते परत भरावे लागत नाहीत.

आता घरात सर्वांत जास्त बोलला जाणारा मुद्दा. सुनेला बावीस हजार पगार, बाईला बावीसच हजार, मग तिनं नोकरी का करावी? गणित वरवर बरोबर दिसतं, पण त्यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, दोन वर्षांनी पुन्हा नोकरी मिळण्याची खात्री नाही. आणि पगार याहून थोडा कमी, २१ हजारांपर्यंत, असेल तर ईएसआय असतं, ज्यातून अवलंबून असलेल्या आई-वडिलांचे उपचारही सनतनगरच्या ईएसआय दवाखान्यात होतात. नोकरी सोडली की काही महिन्यांनी तेही कवच जातं. ब्रिटनमध्ये आठवड्याला किमान ३५ तास सेवा करणाऱ्याला सरकारी भत्ता आहे, केरळात ‘आश्वासकिरणम’मधून महिना ६०० रुपये मिळतात. आपल्याकडे हा भत्ता भावंडांनीच ठरवायचा. पुण्या-अमेरिकेतल्या भावानं ‘तू आहेस म्हणून निश्चिंत आहे’ असं फोनवर म्हणण्याऐवजी दरमहा ठराविक रक्कम पाठवावी, आणि ती सेवा करणाऱ्याच्याच खात्यात. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटीचा बदली माणूस धरला तर महिन्याचे तीन-चार हजार वाढतात. तो खर्च औषधांच्या रांगेत लिहा. झोप येत नाही, सारखा राग येतो, असं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. वृद्धांच्या अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन. तिची सुरुवात हैदराबादेतच झाली.

शेवटचे दोन कागद. व्हेंटिलेटरवर ठेवू नये अशी रुग्णाची इच्छा असेल तर तो बोलू शकतो तोवर लिहून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. खर्च काही शे रुपये, उलट आयसीयूचा एकेक दिवस खाजगीत कित्येक हजारांचा. दुसरा कागद मृत्यूच्या कारणाचा दाखला. घरी मृत्यू झाला तर तो नमुना ४-अ मध्ये डॉक्टरनं द्यायचा असतो, आणि जो डॉक्टर महिन्याभरात घरी फिरकलेला नाही तो सही करत नाही. त्यामुळे जवळच्या फॅमिली डॉक्टरला अधूनमधून ४००-५०० रुपये देऊन घरी बोलवत राहा आणि सही कराल ना, हे विचारून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत फुकट होते. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच काढा. बँक, पेन्शन, पीएफ आणि विमा, प्रत्येकाला वेगळी लागते.