दोषदर्शन आणि निंदा : महाडचा दृष्टांत

आपला दोष कोणी दाखविला असता, तो दोष खरा की खोटा हे पाहण्यापूर्वी मनुष्य दाखविणाराचे कूळ, हेतू आणि स्वर यांचीच चौकशी करू लागतो. निंदा आणि न्याय्य दोषदर्शन यांतील भेद तेथेच हरपतो. निंदा व्यक्तीभोवती फिरते. तीतून करावयाचे असे काही निघत नाही. दोषदर्शन कृत्यावर बोट ठेवते, आणि पुष्कळदा ऐकणाराच्याच कबुलीचे माप त्याला लावते. स्वर कठोर आहे एवढ्यावरून ते निंदा ठरत नाही. गोड शब्दांतही निंदा होतेच.

याविषयी दृष्टांत महाडचा. पोलादपूरवरून येणाऱ्या सावित्रीच्या काठचे हे नगर. सीताराम केशव बोले यांच्या पुढाकाराने मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळे असावेत, असा ठराव केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली चवदार तळ्याविषयी तसेच ठरविले. ठराव दप्तरात राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेस आलेल्या मंडळींसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यांची मागणी नवी नव्हती. नगराने दिलेला शब्दच त्यांनी नगरापुढे ठेवला.

उत्तर काय मिळाले? हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली व प्रतिनिधींना मारहाण झाली. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची शुद्धी केली गेली, आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. शब्द पाळला गेला नाही हा आक्षेप होता. त्यावर शब्दच पुसून टाकला. दोष झाकण्याची ही रीत केवळ महाडची नव्हे.

त्याच मार्चच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्वजनांसही कठोर शब्दांत सुनावले होते : मृत जनावराचे मांस सोडा, उष्ट्या तुकड्यांवर जगणे सोडा. डिसेंबरच्या परिषदेत स्त्रियांना लुगडे नेसण्याच्या व दागिन्यांच्या रीतीविषयी सांगितले, आणि अनेकींनी ती रीत लगोलग बदलली.

येथे पूर्वपक्ष असा की, आपल्या माणसाचे बोलणे कोणीही मानतो. उत्तर : दरिद्री घराने पोटाशी आलेले अन्न नाकारणे सोपे नव्हे. शिवाय परक्याचे बोलणे मानणारेही तेथे होतेच. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंत विनायक चित्रे, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे वरच्या मानलेल्या जातींत जन्मलेले. आक्षेप आपल्याच समाजावर आहे हे ओळखून ते आक्षेप घेणाराच्या बाजूस उभे राहिले. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, तो ठराव सहस्रबुद्ध्यांनी मांडला. त्या कृत्यास केवळ द्वेष म्हणणाराने एवढे तरी ध्यानी घ्यावे.

दोष दाखविणारासही संयम लागतो. काही रहिवाशांनी दावा लावून मनाई हुकूम मिळविला होता. जमलेले लोक सत्याग्रहास उत्सुक असता बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून तो तहकूब करविला. वाद दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अस्पृश्यांस पाणी न देण्याची चाल अनादि आहे, हे वादींना सिद्ध करता आलेले नाही.