शेकडा पाचचं कर्ज आणि ‘मिटवून देऊ’वाले

प्रश्न : सोसायटीचं पीककर्ज थकलंय. बायकोच्या गटाचा फायनान्सचा हप्ता चालू आहे. त्यात दोन वर्षांपूर्वी आजारपणात गावातल्या एकाकडून 20 हजार शेकडा पाच रुपये महिन्याने उचलले. 24 हजार व्याजातच गेले, मुद्दल तसंच आहे. त्याच्याकडे माझा सातबारा आणि कोऱ्या स्टँपवरची सही आहे. आता मोबाइलवर एक जण म्हणतो, पाच हजार भरा, सगळी कर्जं मिटवून देतो. आम्ही कोरकू, शेती दोन एकर. विश्वास ठेवावा असं कोण आहे इकडे?
— एक वाचक, ता. धारणी

उत्तर : दादा, ते पाच हजार भरू नका. कर्ज मिटवायला जो आधी पैसे मागतो, तो चौथा सावकारच समजा.

आता हिशेब. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून घ्यायला सरकारने घालून दिलेला दर तारण असेल तर वर्षाला 9 टक्के, नसेल तर 12. म्हणजे तुमच्या 20 हजारांचं दोन वर्षांचं व्याज जास्तीत जास्त 4,800 व्हायला हवं होतं. शिवाय महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 मध्ये आपला जुना दामदुपटीचा नियम आहेच : एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तुम्ही ती रेघ कधीच ओलांडली.

पण त्या माणसाकडे परवाना तरी आहे का? शेकडा पाच लावणाऱ्याकडे तो असेल असं मला वाटत नाही. परवाना नसेल तर वसुलीच्या दाव्यात कोर्ट त्याला हुकूमनामा देत नाही. उलट विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे विचारायचं ठिकाण म्हणजे सहायक निबंधक, सहकारी संस्था यांचं तालुक्याचं कार्यालय. सोसायट्यांच्या कामाचं ऑफिस म्हणून लोक ते ओळखतात. सावकारीवर देखरेखही त्याच खात्याची आहे, हे फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. परवाना कुणाला आहे ते तिथं कळतं, तक्रारही तिथंच द्यायची. सावकारीच्या व्यवहारात गेल्या 15 वर्षांत कुणाची जमीन गेली असेल, तर चौकशी करून खरेदीखत रद्द ठरवण्याचा आणि जमीन परत देववण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे.

सातबाऱ्याची धास्ती सोडा. त्याची नक्कल कुणालाही काढता येते, तिच्यानं मालकी जात नाही. कोरी सही मात्र वाईट. तक्रारीत तिचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करा. आणि तुम्ही कोरकू, म्हणजे अनुसूचित जमातीचे. जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या नावे परवानगीशिवाय होतच नाही. धारणीसह मेळघाट अनुसूचित क्षेत्रात येतं, त्यामुळं 1996 च्या पेसा कायद्यानं आदिवासींना होणाऱ्या सावकारीवर लक्ष ठेवण्याचं काम ग्रामसभेकडेही दिलं आहे. ग्रामसभेत हा विषय काढायला लाज कसली? तुमच्यासारखे आणखी चार जण तिथंच भेटतील.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन 15100.

फायनान्सचं वेगळं आहे. ते कर्ज कायदेशीर असतं, फेडावंच लागतं. पण 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, धाकदपटशा तर नाहीच. तसं झालं तर आधी कंपनीला लेखी कळवा; महिनाभरात दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याची फी नाही. चौकशीला 14448.

थकलेल्या पीककर्जासाठी सोसायटीच्या सचिवाला आणि बँकेला एकरकमी तडजोडीचं विचारा. लोक अदालतीतही आकडा ठरतो आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. मात्र तडजोडीची नोंद पुढं कर्जाच्या इतिहासात दिसते, आणि पैसे भरल्यावर ना-देय दाखला हातात घेतल्याशिवाय व्यवहार संपत नाही.

सावकार आणि कूळ यांना समोरासमोर बसवून आकडा ठरवायची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मध्यप्रांतात 1933 सालीच कर्ज समझोत्याचा कायदा झाला होता आणि वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख त्या काळात तिथं मंत्री होते. तेव्हाही कर्ज समझोता मंडळापुढं अर्ज करावाच लागे, घरी बसून काही मिटत नव्हतं.

तर सहायक निबंधकांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहा : कधी, किती घेतले, किती दिले, कुणादेखत. दोन प्रती करा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख पडल्याशिवाय त्या कार्यालयातून उठू नका.