खकाणा आणि श्वास : निपाणी परिसरातील तंबाखूची धूळ व कामगारांचे आरोग्य

हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला म्हणजे सर्वसामान्य माणसाच्या नजरेसमोर कारखान्यांची धुराडी आणि मोटारींचा धूर उभा राहतो. बेळगाव-निपाणी हा परिसर त्याला अपवाद नाही. साखर कारखान्यांच्या बॉयलरमधून उडणारी राख, उसाचे पाचट जाळल्याने पसरणारा धूर, बेळगावच्या उद्यमबाग भागातील ओतशाळांमधील वाळूची बारीक धूळ, पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील अखंड वाहतूक आणि ग्रामीण घरांतील चुली या सर्वांचा भार येथील हवेवर पडतो. तथापि या प्रदेशाच्या हवेत आणखी एक घटक आहे. तो वखारींतून, आणि त्याहून अधिक प्रमाणात गरिबांच्या राहत्या घरांतून, रोज श्वासावाटे शरीरात जातो. हा घटक म्हणजे तंबाखूची धूळ. व्यवहारात तिला खकाणा म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचे स्वरूप, शरीरावर होणारे परिणाम आणि प्रतिबंधाचे उपाय यांचा विचार करावयाचा आहे.

मोजली जाणारी हवा आणि न मोजली जाणारी हवा

हवेतील धुळीचे मोजमाप कणांच्या आकारावरून करतात. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ५० ते ७० मायक्रॉन असते. १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतांशी नाकात व घशातच अडकतात. त्याहून लहान कण श्वासनलिकांत उतरतात आणि २.५ मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये निश्चित केलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार, २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचे ६० मायक्रोग्रॅम यांहून अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविलेल्या मर्यादा याहून पुष्कळ कडक आहेत. त्या अनुक्रमे ५ व १५ मायक्रोग्रॅम इतक्या आहेत.

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला. मानकांची पूर्तता न करणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूर, सांगली आणि हुबळी-धारवाड ही बेळगाव जिल्ह्याच्या आसपासची शहरे आहेत. बेळगाव व निपाणी यांची नावे मात्र त्या यादीत नाहीत. त्यावरून येथील प्रत्येकाची हवा निर्दोष आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अशी मोजणी खुल्या हवेची असते. वखारीच्या चार भिंतींआड तंबाखू चाळणाऱ्या स्त्रीची हवा आणि एका खोलीत विड्या वळणाऱ्या कुटुंबाची हवा त्या मोजणीत येत नाही. येथील प्रश्नाचे मर्म नेमके यातच आहे.

शेतातून वखारीत, वखारीतून घरात

विडीच्या तंबाखूसाठी देशात दोन प्रदेश विशेष प्रसिद्ध आहेत. एक गुजरातमधील चरोतर आणि दुसरा निपाणी. निपाणी येथे या पिकाच्या संशोधनासाठी कृषी संशोधन केंद्रही आहे. पावसाळ्यात लावलेले पीक थंडी सरता सरता काढणीस येते. पान उन्हात वाळवले जाते आणि मग वखारीत येते. तेथे ते कुटणे, चाळणे, पाखडणे, काड्या वेगळ्या करणे आणि पोत्यांत भरणे ही कामे होतात. यांतील बहुतेक कामे परंपरेने स्त्रियांकडे आहेत. वाळलेले पान ठिसूळ असते. चाळणीच्या प्रत्येक हिसक्यासरशी त्याचा भुगा हवेत उडतो. त्यात पानाच्या चुऱ्याबरोबर शेतातील माती, साठवणीत वाढलेल्या बुरशीचे सूक्ष्म बीजकण आणि फवारणीच्या औषधांचे अवशेषही असू शकतात.

तयार जर्दा आणि तेंदूची पाने ठेकेदारांमार्फत विडी कामगारांच्या घरी जातात. हजार विड्यांमागे मजुरी ठरते. त्यामुळे हात थांबला की मिळकतही थांबते. पाने भिजवणे, कापणे, जर्दा भरणे, वळणे आणि दोरा बांधणे ही सर्व कामे जेथे स्वयंपाक होतो, तान्हे मूल झोपते आणि वृद्ध आजारी पडून असतात, त्याच खोलीत चालतात. कारखान्याची धूळ कामगार सायंकाळी मागे ठेवून येतो. विडी कामगाराच्या बाबतीत घर हाच कारखाना असल्याने त्याला ही सुटका नाही.

या कामगार स्त्रियांचे जीवन समाजापुढे आलेच नाही, असे म्हणता येणार नाही. १९८१ मध्ये तंबाखू उत्पादकांनी रास्त भावासाठी केलेल्या आंदोलनामुळे निपाणीचे नाव देशभर गाजले. १९८२ मध्ये ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट गटाने येथील तंबाखू कामगार स्त्रियांच्या संघटित लढ्यावर लघुपट तयार केला. छाया दातार यांचा या स्त्रियांच्या संघटनेवरील अभ्यासग्रंथ १९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. भाव आणि मजुरी या प्रश्नांना त्यामुळे वाचा फुटली. श्वासाचा प्रश्नही आता त्याच गांभीर्याने हाती घेतला गेला पाहिजे.

शरीरावर होणारे परिणाम

तंबाखूपासून होणारा अपाय केवळ ओढण्याने किंवा खाण्याने होतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो अपुरा आहे. निकोटीन हे द्रव्य श्वासावाटे तसेच त्वचेतूनही शरीरात शिरते. दव किंवा घाम यांमुळे त्वचा ओली असताना त्याचे शोषण अधिक होते. हिरव्या पानांच्या हाताळणीमुळे मळमळ, ओकारी, डोकेदुखी, चक्कर व अशक्तपणा ही लक्षणे दिसतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९७० मध्ये या विकाराची वैद्यकीय नोंद झाली. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी १९७९ मध्ये भारतीय तंबाखू शेतमजुरांविषयीचे आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

वाळलेल्या तंबाखूच्या धुळीचे परिणाम प्रथम डोळे, नाक व घसा यांवर जाणवतात. डोळे चुरचुरणे, शिंका आणि कोरडा खोकला यांना कामगार ‘सवयीचे’ समजतात. वर्षानुवर्षे ही धूळ छातीत जात राहिली म्हणजे श्वासनलिकांना कायमची सूज येते, कफ वाढतो आणि दम लागू लागतो. दमट, कोंदट व दाटीवाटीच्या घरांत याला क्षयरोगाच्या संसर्गाची जोड मिळते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात विडी उद्योगातील कामगारांची तपासणी केली. तंबाखूच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांच्या मूत्रात निकोटीनपासून बनणाऱ्या द्रव्याचे प्रमाण वाढलेले आढळले आणि पेशींतील गुणसूत्रांवरही विपरीत परिणाम दिसून आला.

तपकिरी रंगाचा थुंका, कामावरून परतल्यावर होणारी मळमळ, रात्री वाढणारा खोकला ही नशिबाची देणी नव्हेत. ती धुळीची लक्षणे आहेत, हे कामगार बांधव-भगिनींनी ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची तरतूद

या विषयात कायदा मूक नाही. विडी व सिगार कामगार (सेवाशर्ती) अधिनियम, १९६६ मध्ये कामाच्या जागेची स्वच्छता, वायुवीजन व पाळणाघर यांची तरतूद करण्यात आली. काम करताना अपायकारक धूळ निर्माण होत असेल, तर ती श्वासावाटे आत जाऊ नये व साचू नये यासाठी परिणामकारक उपाय योजण्यास मालकास भाग पाडण्याचा अधिकारही कायद्याने देण्यात आला. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत हा कायदा सामावून घेण्यात आला आहे. कामगारांच्या औषधोपचारासाठी १९७६ मध्ये कल्याण निधीचा स्वतंत्र कायदा झाला. त्यासाठी विड्यांवर आकारला जाणारा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होताना रद्द झाला.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कडक बंदी आहे. पेटलेल्या विडीच्या धुरापासून शेजाऱ्याला संरक्षण मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तीच विडी वळणाऱ्या हातांना न पेटलेल्या तंबाखूपासून तितकेच संरक्षण मिळावयास हवे. भारताने २००४ मध्ये मान्यता दिलेल्या जागतिक तंबाखू नियंत्रण करारातही तंबाखूची शेती व निर्मिती यांत गुंतलेल्या व्यक्तींच्या आरोग्याचे रक्षण (कलम १८) आणि त्यांना पर्यायी उपजीविका (कलम १७) यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

करावयाचे उपाय

धुळीचा बंदोबस्त ती जेथे उडते तेथेच करणे हा सर्वांत चांगला उपाय होय. वखारींत बंदिस्त चाळणी यंत्रे, त्यांवर धूळ ओढून घेणारे पंखे आणि धूळ अडविणाऱ्या कापडी पिशव्या बसविता येतात. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसल्यास बसलेली धूळ पुन्हा उडत नाही. पदर किंवा रुमाल नाकावर घेतल्याने भुसा अडतो, परंतु सूक्ष्म कण अडत नाहीत. त्यासाठी एन-९५ प्रकारचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मुखपट्टा आवश्यक आहे. त्याचा खर्च मालकानेच सोसणे न्याय्य होय.

घरी काम करणाऱ्यांनी शक्यतो ओसरीवर किंवा मोकळ्या हवेत बसावे. जर्द्याचा डबा झाकलेला असावा. तो स्वयंपाकाच्या व निजण्याच्या जागेपासून दूर ठेवावा. जेवणापूर्वी व मुलाला जवळ घेण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत आणि कामाचे लुगडे बदलावे. शेतमजुरांनी दव ओसरल्यावर पिकात उतरावे व हातमोजे वापरावेत.

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास शासकीय दवाखान्यात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. तिचा लाभ अवश्य घ्यावा. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट करावी. दवाखाना कोणताही असो, आपण कोणते काम करतो व किती वर्षे करतो, हे वैद्यांना आवर्जून सांगावे. सीमाभागातील रुग्ण कोणी कोल्हापुरास जातो, कोणी मिरजेस, कोणी बेळगावास. प्रत्येक ठिकाणी केवळ ‘दमा’ किंवा ‘जुना खोकला’ एवढीच नोंद झाली, तर एकाच वखारीतील दहा स्त्रियांचा एकच विकार दोन राज्यांच्या कागदपत्रांत विखुरला जातो आणि त्याचे कारण कोणाच्याच लक्षात येत नाही. केसपेपरावर व्यवसायाची नोंद करण्यास खर्च येत नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती नित्यनेमाने करावी आणि दोन्ही राज्यांच्या आरोग्य व कामगार खात्यांनी अशा नोंदींची देवाणघेवाण करावी, हे सर्वांत सुलभ आणि पुढील प्रत्येक उपायाचा पाया ठरणारे पाऊल होय.

तंबाखूवर या परिसरातील हजारो चुली पेटतात, हे सत्य नाकारून चालणार नाही. एका दिवसात हा व्यवसाय बंद करा असे सांगणे म्हणजे त्या चुली विझविणे होय. पर्यायी पिके व पर्यायी रोजगार उभे राहण्यास अवधी लागेल. तोपर्यंत वखारीतील व घरातील हवेचे मापन सुरू करणे, धूळ जागच्या जागी अडविणे आणि कामगाराच्या छातीची वर्षातून एकदा तपासणी करणे ही कामे थांबवून ठेवण्याचे कारण नाही. वारा वेदगंगेच्या दोन्ही काठांवर सारखाच वाहतो. तिच्या काठच्या माणसांच्या श्वासाची काळजीही दोन्ही बाजूंनी सारखीच घेतली गेली पाहिजे.