जास्वंदीची एक काडी (पाठ : छाट कलम)

आमच्या शाळेच्या आवारात हातपंपाजवळ एक जुनी लाल जास्वंद होती. कुणी लावली, ते गावात कोणालाच नीट सांगता यायचं नाही. गणपतीत अर्धं गाव तिचीच फुलं न्यायचं. एका मार्चमध्ये कुंपणाच्या भिंतीची आखणी झाली आणि चुन्याची रेघ नेमकी तिच्या बुंध्यावरून गेली. पाचवीची मुलं म्हणाली, "मॅडम, हिचं बी काढून ठेवू."

मी म्हटलं, शोधा. मुलांनी सगळं झाड धुंडाळलं, खाली पडलेली फुलंसुद्धा उलटीपालटी केली. एक फळ सापडलं नाही.

इथेच खरा पाठ सुरू झाला. भेंडी, अंबाडी, कापूस आणि जास्वंद ही एकाच कुळातली भावंडं. भेंडीचं फूल आणि जास्वंदीचं फूल शेजारी ठेवून बघा. पाच पाकळ्या, मध्ये नळीसारखा दांडा, त्यावर पिवळे परागकण आणि टोकाला पाच कुक्षी. दोन्हींत सारखंच. भेंडीला मात्र फळ धरतं, बी होतं. आपल्या अंगणातल्या जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं, बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत मिटतं आणि देठासकट गळून पडतं. बी क्वचितच धरतं. म्हणून ही एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जाते ती काडीनेच. बी न वापरता खोड, मूळ किंवा पान यांपासून नवीन झाड होणं म्हणजे शाकीय प्रजनन. काडीपासून आलेलं झाड हुबेहूब मूळ झाडासारखं असतं. तेव्हा आजीच्या घरची जास्वंद आणि तिच्या काडीची तुमची जास्वंद, ही खरं तर एकच झाड दोन ठिकाणी.

मग आम्ही घाई केली, आणि चूक माझी झाली. एप्रिलमध्ये वीस काड्या कापल्या आणि वर्गासमोर उघड्यावर ओळीने लावल्या. गोंदियाचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे, पारा चाळिशी ओलांडतो. काडीला मूळ नसतं, म्हणजे पाणी वर खेचायला कोणी नाही. पानं मात्र पाणी हवेत सोडतच राहतात. आठ दिवसांत एकोणीस काड्या वाळल्या. मे महिन्यात भिंतीचा पाया खोदला गेला आणि मूळ झाडही गेलं.

विसावी काडी एका मुलीने घरी नेली होती. तिच्या आजीने ती पाण्याच्या रांजणाजवळ, पाझर पडतो तिथे खोचून दिली. सावली आणि कायमची ओल. ती एकटी जगली.

पुढच्या वर्षी त्या झाडाला चांगल्या फांद्या आल्या. मुलगी तोवर सहावीत गेली होती. जूनच्या शेवटी शाळा उघडली, पाऊस लागला आणि आम्ही पुन्हा बसलो. या वेळी घाई नाही.

पेन्सिलएवढी जाड फांदी घ्यायची, अगदी कोवळी नको आणि जून लाकूडही नको. लांबी वीतभर. खालचा काप पेराच्या जरा खाली आणि तिरका, वरचा काप सरळ. पान जिथून फुटतं ती जागा म्हणजे पेर, आणि मुळंही बहुतेक तिथूनच फुटतात. तिरका-सरळ कापायचं कारण साधं आहे : वरखाली ओळखता येतं. उलटी खोचलेली काडी सहसा लागत नाही, आणि मुलं उलटी खोचतातच! वरची एक-दोन पानं ठेवून तीही अर्धी कापायची, बाकी काढून टाकायची. दोन पेरं मातीत गेली पाहिजेत. आपल्याकडची कन्हार माती चिकट, पाणी धरून ठेवते, त्यात काडी कुजते. म्हणून अर्धी रेती मिसळा आणि पिशवीला खाली भोकं पाडा. माती ओली हवी, चिखल नको.

आता सगळ्यात अवघड काम, ते म्हणजे हात न लावणं. दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, हिरवी पालवी दिसते आणि मुलांना वाटतं, लागली! पण ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. मुळं यायला महिना-दीड महिना लागू शकतो. आमच्या दोन काड्या "मूळ आलं का" हे बघायला उपटल्यामुळेच गेल्या. कोणी उपटल्या ते मी विचारलं नाही. काडी हलकेच ओढल्यावर मातीने धरून ठेवली, तर मूळ आहे असं समजा.

चौदापैकी नऊ लागल्या. रोपं पावसाळा संपायच्या आत जमिनीत गेली, म्हणजे उन्हाळ्याआधी मुळं खोल जातात. जागा पाच-सहा तास ऊन मिळेल अशी घ्या. नवीन फुटव्यावर कळ्या येतात, म्हणून थंडी सरल्यावर हलकी छाटणी करायची. कोवळ्या शेंड्यावर पांढरा कापसासारखा थर दिसला, तर तो पिठ्या ढेकूण. साबणाचं पातळ पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो, लगेच औषधाच्या दुकानात धावू नका.

भिंतीच्या आतल्या बाजूला आता नऊ जास्वंदी आहेत. दहावी अजून त्या आजीच्या रांजणाजवळच आहे.

घरी करायचं काम : एकाच फांदीच्या दोन काड्या घ्या. एक सावलीत लावा, एक उन्हात. पालवी कधी आली आणि मूळ कधी धरलं, दोन्ही तारखा वहीत लिहा. उपटायचं नाही.