निवळी, व्यायाम आणि घड्याळ



पोलीस भरतीचे किंवा सैन्यभरतीचे दिवस जवळ आले की परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड अशा गावांतील मैदाने पहाटे पाचलाच जागी होतात. कोणी १,६०० मीटर धावण्याचा सराव करतो, कोणी गोळाफेकीचा. सराव संपला की काही जणांच्या पिशवीतून एक बाटली निघते. तिच्यात पांढरट भुकटी आणि पाणी घालून ती खळखळून हलवली जाते व घाईघाईने पिऊन टाकली जाते. इतकी घाई कशासाठी, असे विचारले तर उत्तर मिळते, "अर्ध्या तासाच्या आत घेतली नाही, तर व्यायाम वाया जातो!"

ह्या भुकटीच्या डब्यावर 'व्हे प्रोटीन' असे लिहिलेले असते. एक किलोचा डबा दोन-तीन हजार रुपयांना मिळतो आणि रोज एकच माप घेतले, तरी महिन्याभरात संपतो. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातून दरमहा एवढे पैसे काढायचे असतील, तर त्या 'अर्ध्या तासा'त तथ्य किती आहे हे आधी तपासायला हवे. ह्या लेखात आपण तेच करू.

व्हे म्हणजे काय?

श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की खाली हिरवट-पिवळे पाणी ठिबकते. तेच व्हे. आपण त्याला निवळी म्हणू. तिचा हिरवट रंग रिबोफ्लेविन, म्हणजेच ब-२ जीवनसत्त्व, ह्यामुळे येतो.

दुधात मुख्यतः दोन प्रकारची प्रथिने असतात. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. दूध आंबट झाले की ते साकळते आणि त्याचे दही किंवा छेना होतो. उरलेली सुमारे २० टक्के प्रथिने पाण्यात विरघळलेलीच राहतात. ती निवळीतील प्रथिने होत. म्हणजे डब्यातील पदार्थ दुधाचाच एक भाग आहे. तो औषध नाही आणि जादूही नाही.

मग चक्क्याचे पाणी पिऊन भागेल का? नाही. अशा १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅम प्रथिन असते. शिवाय आपण दूध उकळून मगच विरजण लावतो. उकळताना निवळीतील प्रथिनांच्या रेणूंच्या घड्या उलगडतात आणि त्यांतील पुष्कळसे रेणू केसीनला चिकटतात. त्यामुळे घरच्या चक्क्यात निवळीतील बरीच प्रथिने अडकून राहिलेली असतात. ती आपण श्रीखंडातून खातोच!

कारखान्यात चीज करताना उरलेली निवळी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाखाली गाळतात. पाणी, दुग्धशर्करा आणि क्षार ह्यांचे लहान रेणू पडद्यापार जातात; प्रथिनांचे मोठे रेणू अलीकडे राहतात. हा दाट द्रव गरम हवेत फवारला की थेंब क्षणात वाळून भुकटी होते. अशा भुकटीत ८० टक्क्यांपर्यंत प्रथिन असू शकते. आणखी शुद्ध केलेल्या प्रकारात, ज्याला आयसोलेट म्हणतात, ते ९० टक्क्यांच्या आसपास असते.

स्नायू वाढतो तो किती?

आता एक साधे गणित करू. स्नायूच्या वजनापैकी सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते आणि प्रथिन असते सुमारे एक-पंचमांश. समजा, एखाद्या मुलाचा स्नायू नेटाच्या व्यायामाने महिन्यात अर्धा किलो वाढला. ही वाढ चांगलीच म्हणावी लागेल. ह्या ५०० ग्रॅम स्नायूत प्रथिन किती? ५०० भागिले ५, म्हणजे १०० ग्रॅम. ते ३० दिवसांत साठले, म्हणजे रोज सव्वातीन ग्रॅमच्या आसपास!

अर्थात रोज तेवढेच जादा प्रथिन खाऊन पुरत नाही. आपल्या शरीरात प्रथिनांची मोडतोड व बांधणी अखंड चालू असते. प्रौढ माणसात दररोज सुमारे २५० ते ३०० ग्रॅम प्रथिन मोडते आणि जवळजवळ तेवढेच पुन्हा बांधले जाते. ह्या उलाढालीत काही भाग वाया जातो आणि व्यायामाने उलाढाल वाढते. तरीही वरच्या गणितावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बांधकाम रोज थोडे थोडे होते. विटांचा ढीग वाढवला म्हणून गवंड्याचा वेग वाढत नाही.

मग किती प्रथिन लागते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ५५ ग्रॅम आणि मुलीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिन हवे. वजने उचलण्यासारखा जोराचा व्यायाम करणाऱ्या प्रौढांसंबंधीच्या ४९ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिन वाढवले की फायदा होतो, त्यापुढे तो फारसा वाढत नाही, असे त्यात आढळले. प्रथिनांची पुरवणी घेणाऱ्यांचे चरबीव्यतिरिक्त वजन इतरांपेक्षा सरासरी किती जास्त वाढले? सुमारे ३०० ग्रॅम! बाकीची वाढ व्यायामाचीच होती.

अर्ध्या तासाचे काय?

निवळी लवकर पचते हे खरे आहे. १९९७ साली फ्रान्समध्ये इव्ह ब्वारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, खूण म्हणून कार्बन-१३ हा समस्थानिक घातलेली प्रथिने तरुणांना पाजली. निवळीनंतर रक्तातील ॲमिनो आम्ले झपाट्याने वाढली आणि काही तासांत ओसरली. केसीन पोटात साकळते, म्हणून त्याची ॲमिनो आम्ले सावकाश पण दीर्घकाळ येत राहिली. निवळीने बांधणी अधिक वाढवली, तर केसीनने मोडतोड अधिक रोखली. सात तासांचा जमाखर्च मांडला, तेव्हा शिल्लक केसीनची जास्त निघाली! हा प्रयोग व्यायाम न करता विश्रांती घेणाऱ्यांवर होता. व्यायामानंतरच्या पहिल्या काही तासांत निवळी पुढे असते, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. तिच्यात ल्यूसीन हे बांधणीला चालना देणारे ॲमिनो आम्ल भरपूर असते, हे त्याचे एक कारण.

परंतु पहिल्या काही तासांतील आघाडी म्हणजे महिन्याअखेरची वाढ नव्हे. २०१३ साली अमेरिकेतील ब्रॅड शोनफेल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. व्यायामाच्या आगेमागे तासाभरात प्रथिन घेणाऱ्यांचा फायदा वरवर पाहता दिसत होता. पण त्यांच्यापैकी बरेच जण दिवसभरात एकूण प्रथिनच जास्त खात होते. तो फरक हिशेबात धरताच वेळेचा फायदा नाहीसा झाला.

ह्याचे कारण आपल्या काळ्या जमिनीच्या उदाहरणाने समजेल. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात पेरले नाही म्हणून हंगाम जात नाही. जमिनीत वाफसा टिकून राहतो, आणि त्या मुदतीत पेरले की झाले. व्यायामाने स्नायूतही असाच वाफसा येतो. तो निदान २४ तास टिकतो. तेवढ्या वेळात दोन-तीन जेवणे होतातच.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. रात्री आठला जेवून पहाटे पाचला उपाशीपोटी धावणाऱ्याच्या पोटात नऊ-दहा तास काहीच गेलेले नसते. त्याने व्यायामानंतर दहा-अकरापर्यंत चहावर राहू नये. तास-दीड तासात पोटभर न्याहारी करावी. म्हणजे घड्याळ पाहायचेच असेल, तर व्यायाम केव्हा संपला ह्यापेक्षा मागचे जेवण केव्हा झाले होते हे पाहावे.

घ्यायचीच असेल तर

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था ह्यांनी २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असे त्यांत सांगितले आहे. तुमचे वय १८ च्या आत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून भुकटी घेऊ नका. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने कोणत्याही वयात सल्ल्याशिवाय घेऊ नये.

प्रौढ माणसाला आहारातून प्रथिन कमीच पडत असेल, तर एका वेळी २० ते २५ ग्रॅम प्रथिन पुरते. ८० टक्क्यांच्या भुकटीचे ३० ग्रॅमचे एक माप घेतले की २४ ग्रॅम होतात. ते पेलाभर साध्या पाण्यात किंवा दुधात ढवळावे. उकळत्या पाण्यात टाकल्यास गोळे होतात. पोषण मात्र त्यामुळे नष्ट होत नाही. धावण्याच्या अगदी आधी पिऊ नये, पोट जड होते. दूध पिऊन ज्यांना पोटफुगी किंवा जुलाब होतात, त्यांना साध्या भुकटीतील दुग्धशर्करेचाही त्रास होऊ शकतो. भुकटी जेवणाऐवजी घेऊ नये. भाकरी-भातातून पुरेशी ऊर्जा मिळाली नाही, तर शरीर हे महागडे प्रथिन सरपणासारखे जाळून टाकते. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्याला पाणी व मीठ ह्यांची गरज आधी असते.

आपल्या ताटाचा हिशेब

५० किलो वजनाच्या मुलाचे उदाहरण घेऊ. दिवसभरात चार ज्वारीच्या भाकरी, म्हणजे सुमारे २४० ग्रॅम पीठ: प्रथिन २४ ग्रॅम. तुरीची डाळ ६० ग्रॅम: १३ ग्रॅम. शेंगदाणे ३० ग्रॅम: ७ ग्रॅम. मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम: ६ ग्रॅम. म्हशीचे दूध पाव लिटर: सुमारे १० ग्रॅम. बेरीज ६० ग्रॅम. ह्यात दोन अंडी घातली तर १२ ग्रॅमची भर पडते. ५० ग्रॅम सोयावडी घातली तर सुमारे २५ ग्रॅमची. म्हणजे ५० ग्रॅम सोयावडीत भुकटीच्या एका मापाइतके प्रथिन आले! आपल्या जिल्ह्यातील शेतांत सोयाबीन डोलते, पण ताटात क्वचितच दिसते. मात्र सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यातील एक घटक प्रथिनांचे पचन रोखतो. शिजवल्यावर त्याचा जोर मोडतो.

ज्वारीत लायसीन हे ॲमिनो आम्ल कमी असते. ते डाळीत भरपूर असते. डाळीत मिथिओनीन कमी असते. ते ज्वारी पुरवते. भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव अशी भरून काढतात. धान्य-डाळींचे प्रथिन दुधा-अंड्याइतके पुरते पचत नाही, म्हणून हिशेबात थोडी भर ठेवावी. हे सारे प्रथिन एकाच जेवणात न घेता तीन-चार वेळा विभागून घ्यावे. ज्वारी आणखी कसदार करण्याचे प्रयत्नही आपल्याच गावी झाले आहेत. लोह व जस्त अधिक असलेला 'परभणी शक्ती' हा वाण २०१८ साली येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून प्रसारित झाला.

डब्यावरचा आकडा

प्रथिन मोजण्याची एक जुनी पद्धत डेन्मार्कच्या योहान केल्डाल ह्यांनी १८८३ साली शोधली. तिच्यात पदार्थातील नायट्रोजन मोजतात व त्याला ६.२५ ने गुणतात. येथेच लबाडीला वाव मिळतो. मेलामिन ह्या रसायनात सुमारे ६७ टक्के नायट्रोजन असतो. म्हणून त्याचा १ ग्रॅम ह्या परीक्षेत ४ ग्रॅमहून अधिक 'प्रथिन' दाखवतो. चीनमध्ये २००८ साली दुधात ते मिसळल्याने लाखो बालके आजारी पडली. भुकट्यांत स्वस्त ॲमिनो आम्ले मिसळूनही आकडा फुगवता येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ भुकट्यांची तपासणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांवर प्रथिनाचा आकडा चुकीचा आढळला. डाळ, अंडी, दूध ह्यांच्या बाबतीत निदान एवढा गणिती खेळ होत नाही.

करून पहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली न तापवलेले दूध हाताला सोसेल इतके कोमट करा. त्यात लिंबाचा रस थेंब थेंब घालून ते फाडा आणि स्वच्छ फडक्यातून गाळा. मिळालेली निवळी आता उकळा. तिच्यात पांढरे कण तरंगताना दिसतील. तीच निवळीतील प्रथिने. हाच प्रयोग आधी दहा मिनिटे उकळून थंड केलेल्या दुधावर करा. आता कण बरेच कमी दिसतील. का, ते वर सांगितलेच आहे. हे दूध किंवा निवळी पिऊ नका.

दुसरे काम घरी करायचे आहे. एक आठवडा रोज काय खाल्ले ते वहीत लिहा, वरील आकड्यांवरून प्रथिनांची बेरीज करा आणि तिला आपल्या वजनाने भागा. डबा विकत घ्यायचा की नाही, ह्याचा निर्णय त्यानंतर घ्या.