मोठा शिंगाडा हवा, तर जाळ्याचा आस मोठा



मागच्या मासिक बैठकीत जाळ्यासाठी कर्ज मागायला दोन गट आले होते. "बारीक जाळं घेऊ, त्यातून काहीच सुटत नाही," असं एक ताई म्हणाली. मी तेव्हा गप्प बसले, पण डोक्यातून गेलं नाही. काहीच सुटलं नाही, तर मोठं होणार काय? म्हणून हा पाठ.

नवापूरकडे उकाईचा फुगवटा, प्रकाशा-सारंगखेड्याला तापीवरचे बॅरेज, आणि अक्राणी-अक्कलकुव्यात नर्मदेवर सरदार सरोवराचं पाणी. २०१९ च्या सप्टेंबरात ते पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. ज्या पाण्याने शेतं नेली, त्यात निदान मासा तरी नीट मिळावा.

बिनखवल्याचे, मिशीवाले दोन मोठे मासे ओळखून ठेवा. शिंगाड्याच्या मिशा लांब असतात, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना टोकदार काटा असतो. शिवड्याचं तोंड फाटून डोळ्याच्याही मागे गेलेलं, दातही बारीक नि धारदार. आपल्या बोलीत नावं वेगळी असतील, खूण तीच. दोघेही मासेखाऊ. मोठ्याला कणकेच्या गोळीत रस नसतो. जिवंत छोटा मासा नाहीतर कोंबडीची आतडी लावा. गांडुळावर बहुतेक लहानच येतात.

दिवसा ते डोहात, बुडालेल्या झाडांच्या सावलीत पडून राहतात, अंधार पडला की काठाकडे शिकारीला निघतात. म्हणून लांब दोरीला अंतराअंतराने मोठे गळ बांधा, दोरी शिसं लावून तळाशी सोडा, एक टोक काठावरच्या झाडाला पक्कं करा. हे काम दिवस मावळायच्या आत उरका आणि सकाळी उजाडल्यावर काढा. रात्री पाण्यात उतरू नका, मगरीचं भय आहे, आणि धरणाचं पाणी कधी चढेल सांगता येत नाही. मासा लागला की एकदम ओढायचं नाही. तो पळाला की दोरी सोडा, थांबला की घ्या. दोरी हाताला गुंडाळू नका, बोट कापलं जातं.

काटा लागला तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात अर्धा तास धरा, वेदना उतरते. मग आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. हळद लावून घरी बसू नका.

आता जाळ्याचं. आस म्हणजे जाळ्याचं भोक. ते ओढून धरलं की चार बोटं आडवी जायला हवीत. बारीक आसाच्या जाळ्यात शिंगाड्याची पिल्लं येतात, किलोला पंधरा-वीस भरतात आणि भाव लहान माशाचाच. तेच पाण्यात राहिले तर पुढे एकेक किलोचा होईल. घरची माणसं म्हणतील, "आपण सोडलं तर दुसरा धरेल." खरं आहे. म्हणून एकट्याने सोडून भागत नाही, पाण्यावरच्या सगळ्या गटांनी आणि मच्छीमार संस्थेने मिळून ठरवावं लागतं. संस्थेच्या सभासद यादीत तुमचं नाव आहे का, तेही विचारा. जाळं विणते, मासा विकते बाई, आणि यादीत नाव कुणाचं?

चढणीचे मासे खायला गोड लागतात, मलाही आवडतात. पण पहिल्या पावसात ओढ्यात चढणारा शिवडा पोटात गाभोळी घेऊन येतो. शिंगाड्याचा नर उथळ पाण्यात खड्डा करून अंडी राखतो, त्याला उचललं की सगळी अंडी इतर मासे खातात. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. आपल्या पाण्यावर निदान ओढ्याची तोंडं तेवढे दिवस मोकळी ठेवूया.

थाई मागुराचं बीज कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. देशात २००० सालापासून त्याच्यावर बंदी आहे, आणि नदीत सुटला तर आपलेच मासे खातो.

पुढच्या बैठकीला येताना घरचं जाळं घेऊन या. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी आस चार बोटांनी सगळ्यांसमोर मोजू.