पोच द्यायला विसरू नका

वसईतली कितीतरी घरं आखाताशी जोडलेली आहेत. सुट्टी संपवून परत निघालेल्या शेजाऱ्याच्या बॅगेत आपल्या मुलासाठी सुकेळीचं पुडकं देणं इथे कुणाला नवं नाही. पुडकं मिळालं की मुलाचा फोन येतो. ज्याने ते नेलं त्याला पुढच्या सुट्टीत हक्काने जेवायला बोलावलं जातं. हा रिवाज कुणी शिकवत नाही, तरी सगळे पाळतात. मी गेली काही वर्षं ज्या खेळात रमले आहे त्या जिओकॅशिंगमध्येही माणसं एकमेकांच्या वस्तू अशाच नेतात, पण पोच देण्याचा रिवाज मात्र तिथे अनेकांच्या अंगवळणी पडलेला नाही. त्याने काय होतं ते मी जवळून पाहिलं, म्हणून हे लिहिते आहे.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2000 सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभरेक मीटरचा फरक दाखवणारी यंत्रं एका रात्रीत बरीच अचूक झाली. लगेच 3 मे रोजी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली, आत काही वस्तू आणि एक वही ठेवली, आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. लोकांनी ती शोधून काढली. तेव्हापासून जगभर अशा डब्या लपवल्या आणि शोधल्या जातात. सापडली की वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवायची.

या डब्यांमधून ट्रॅकेबल नावाच्या वस्तू प्रवास करतात. जवानांच्या गळ्यात असतो तसा धातूचा बिल्ला एखाद्या खेळण्याला किंवा किल्लीच्या साखळीला अडकवलेला असतो. त्याला ट्रॅव्हल बग म्हणतात. कधी नाण्यासारखं जिओकॉईन असतं. त्यावर सहा अक्षर-अंकांचा कोड कोरलेला असतो. ज्याला ती वस्तू सापडते तो ती उचलतो, खेळाच्या संकेतस्थळावर कोड टाकून नोंद करतो आणि दुसऱ्या गावातल्या डबीत नेऊन ठेवतो. मालकाला प्रत्येक नोंदीचा ईमेल जातो आणि वस्तूने किती अंतर कापलं ते नकाशावर दिसतं. बहुतेक मालक वस्तूला एखादं उद्दिष्ट देतात, समुद्र बघायचा, एखाद्या देशात जायचं, असं काहीतरी.

2013 मध्ये रिक मास्ट्रॅकिओ या अंतराळवीरांनी असाच एक ट्रॅव्हल बग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेला होता. पण बाकी जवळपास सगळ्या वस्तू साध्या माणसांच्या खिशातून, बॅगेतून आणि पदरमोडीवर फिरतात. जर्मनी-अमेरिकेत एकेका शहरात शेकडो डब्या आहेत, तिथे वस्तू पुढे जायला वेळ लागत नाही. आपल्याकडे डब्याही थोड्या आणि खेळणारेही थोडे. इथे आलेली वस्तू कुणीतरी मनावर घेतलं तरच हलते.

युरोपातल्या एका आजोबांनी नातवासाठी सोडलेलं जिओकॉईन मला पुण्याजवळच्या एका डबीत मिळालं. त्याचं उद्दिष्ट समुद्रकाठचे किल्ले पाहायचं होतं. मी ते वसईच्या किल्ल्यात घेऊन गेले. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने तिथे परवानगीवाचून काही लपवणं किंवा खणणं चालत नाही, आणि खेळाच्या नियमांनाही ते मान्य नाही. म्हणून तटावर नाणं हातात धरून नुसते फोटो काढले. अर्नाळ्याला होडीतून पलीकडे गेले आणि त्या जलदुर्गातही काढले. घरी येऊन सविस्तर नोंद लिहिली: 1534 मध्ये पोर्तुगीजांना मिळालेली वसई, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकलेला किल्ला, असं सगळं. नंतर दुबईला निघालेल्या भाचीबरोबर नाणं पाठवलं आणि तिने ते तिथल्या डबीत ठेवलं. आजोबांकडून ओळभरही उत्तर आलं नाही. मला त्यांच्याकडून काही नको होतं. पण नातवाने ते फोटो पाहिले का, एवढं कळायला हवं होतं.

पुढे एका परदेशी शाळेतल्या वर्गाने सोडलेलं लाकडी कासव हाती आलं. त्याच्यासाठीही मी असाच किल्ला फिरले. दोनच दिवसांत वर्गशिक्षिकेचं उत्तर आलं. मुलांनी भिंतीवरच्या नकाशात वसई शोधून तिथे टाचणी लावली होती, आणि चिमाजी आप्पा हत्तीवर बसत का घोड्यावर, असा एका मुलीचा प्रश्न होता. पत्र चार-पाच ओळींचंच होतं. त्यानंतर कुठलीही वस्तू मिळाली की तिच्या मागे अशी एखादी मुलगी असेल असं मला वाटू लागलं. मी आजही वस्तू पुढे नेते याचं मोठं श्रेय त्या पत्राला आहे.

सगळ्यांच्या वाट्याला असं पत्र येत नाही. विरारला राहणारे एक निवृत्त शिक्षक आमच्यात सगळ्यात उत्साही होते. आम्ही त्यांना सरच म्हणायचो. रविवारी पहाटेची लोकल पकडून ते दादरला जात, तिथून पुढे लोणावळा, नाशिक, कुठेही. वस्तू छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेत, पावसाळ्यात तर दोन पिशव्यांत. नोंदी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत लिहीत. वर्षामागून वर्षं गेली आणि उत्तरं जवळपास आलीच नाहीत. एकदा फोनवर म्हणाले, “कुणाला हवंय हो हे? आपण एकट्यानेच कशाला धावायचं?” त्यानंतर त्यांच्याकडे आलेल्या वस्तू टेबलाच्या खणात पडून राहिल्या. बऱ्याच महिन्यांनी त्यांनी त्या माझ्या हवाली केल्या. मी त्या एकेक करून मार्गी लावल्या आणि प्रत्येक मालकाला कळवलं की तुमची वस्तू इथवर सरांनी आणली, दोन शब्द त्यांना लिहा. काहींनी लिहिले. सरांना बरं वाटलं, पण ते पुन्हा बाहेर पडले नाहीत. त्यांच्यामुळे आमच्या भागात वस्तूंची जी ये-जा होती ती थांबली. मालक आता विचारतात, आमची वस्तू भारतात गेली की अडकते का?

पोच न देण्याचं नुकसान शेवटी मालकालाच सोसावं लागतं, ते असं.

आभार मानताना अविचार झाला तर वेगळं नुकसान होतं. मी पाठवलेला एक फोटो एका मालकाने आनंदाच्या भरात सगळ्यांना दिसेल असा टाकला. त्यात बिल्ल्यावरचा कोड स्वच्छ वाचता येत होता. थोड्याच दिवसांत जगभरच्या अनोळखी लोकांनी वस्तू डोळ्यांनीही न बघता ‘पाहिली’ म्हणून नोंदी केल्या. खऱ्या प्रवासाच्या नोंदी त्या गर्दीत हरवल्या आणि मालकाला एकेक खोटी नोंद पुसत बसावं लागलं. दुसऱ्या एकाने माझं कौतुक करताना मी कोणत्या स्टेशनाजवळ राहते, कोणत्या वारी बाहेर पडते आणि डबी कोणत्या झाडाच्या ढोलीत आहे, हे सगळं लिहून टाकलं. मला ते वाचून धास्ती वाटली. डबीही पुढे नाहीशी झाली.

या सगळ्यातून मी जे शिकले ते सांगते.

नोंदीचा ईमेल आला की आठवड्याच्या आत उत्तर द्या. वस्तू नेणाऱ्याला त्या दिवशीचं ऊन, ती वाट अजून आठवत असते, तोवर आलेला शब्द त्याच्या मनाला भिडतो. महिन्यांनी आलेलं उत्तरही न येण्यापेक्षा चांगलंच, म्हणून उशीर झाला असेल तरी संकोच करू नका.

आभार नेमके माना. या खेळात ‘टीएफटीसी’ अशी चार अक्षरं लिहून मोकळं होण्याची पद्धत पडली आहे. डबीबद्दल आभार, असा त्याचा अर्थ. ती चार अक्षरं कुठल्याही डबीखाली चालतात, त्यामुळे ती कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. त्यापेक्षा समोरच्याने केलेल्या एखाद्या गोष्टीचं नाव घ्या: तुम्ही होडीने किल्ल्यात गेलात, फोटोत गलबतं दिसली, आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. समोरचा मराठी असेल तर मराठीत लिहा.

आधी आभार, मग चौकशी. वस्तू साधारण दोन आठवड्यांत पुढे ठेवावी आणि जमत नसेल तर मालकाला कळवावं असा संकेत आहे. कुणाकडे ती लांबली तर पहिल्याच वाक्यात जाब विचारू नका. घरात आजारपण असेल, परीक्षा असतील, आपल्याकडचा पाऊस असेल. “इथवर आणलीत, बरं वाटलं. पुढे न्यायला अडचण आहे का?” असं विचारलं की माणूस उत्तर देतो आणि बहुधा वस्तूही हलते. वस्तू उद्दिष्टाच्या उलट दिशेला गेली तरी नेणाऱ्याचे आभार मानायचेच. तो आपल्याकडे कामाला नाही, स्वतःच्या वाटेने जाताना त्याने आपली वस्तू सोबत घेतली आहे.

कोड झाका. फोटो टाकण्याआधी तो मोठा करून बघा. बिल्ल्यावरची अक्षरं वाचता येत असतील तर त्यांवर बोट किंवा कागदाचा तुकडा ठेवून काढलेला फोटो वापरा, किंवा तेवढा भाग खोडा.

नेणाऱ्याची खासगी माहिती उघड्यावर लिहू नका. त्याचं खेळातलं टोपणनाव पुरेसं आहे. खरं नाव, गाव, येण्याजाण्याच्या वेळा, सोबत कोण होतं, डबी कुठे लपली आहे, हे सार्वजनिक नोंदीत नको. मनापासून काही सांगायचं असेल तर संकेतस्थळावरून खासगी संदेश पाठवा. बाई एकटी फिरत असेल तर याची काळजी दुप्पट घ्या.

पैसे किंवा भेटवस्तू देऊ करू नका. त्याने नेणारा अवघडतो, आणि पुढच्याकडूनही तीच अपेक्षा तयार होते. परतफेड करायचीच असेल तर आपल्या जवळच्या डबीत पडून असलेली एखाद्या परक्याची वस्तू उचला आणि पुढे न्या.

डबी सांभाळणाऱ्यालाही एक ओळ लिहा. कोकणातल्या पावसात डबी कोरडी ठेवणं, भिजलेली वही बदलणं, हे त्याचं काम कुणाला दिसत नाही. तुमची वस्तू सुखरूप राहिली ती त्याच्यामुळे.

वस्तू नेणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. वस्तू ठेवली की त्याच दिवशी नोंद करा. तुमच्या आधी दुसऱ्याने उचलून नोंद केली तर नकाशावरचा दुवा तुटतो, तुमचे श्रम कुणाला कळत नाहीत, आणि आभार मानायचे ते कुणाचे हेच मालकाला समजत नाही.

माझं मत आता पक्कं झालं आहे. आपण सोडलेली वस्तू किती लांब जाईल हे जितकं डब्यांच्या संख्येवर अवलंबून असतं, त्याहून अधिक ती नेणाऱ्या माणसाला पुन्हा नेण्याची इच्छा होते का यावर असतं. ती इच्छा टिकवणं मालकाच्या हातात आहे आणि त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत. तुमची एखादी वस्तू कुठे फिरत असेल तर तिच्या जुन्या नोंदी आज उघडून बघा. ज्यांना उत्तर द्यायचं राहिलं आहे त्या प्रत्येकाला दोन ओळी लिहा. सुरुवात सगळ्यात जुन्या नोंदीपासून करा.